ओकापीच्या जंगलात राहतं कोण? काँगोमधल्या माम्बासाची गोष्ट

विसावं शतक सुरू होत होतं, तेव्हाचा हा प्रसंग. पॅरिसमध्ये १९०० साली मोठं जागतिक प्रदर्शन भरणार होतं. तिथे 'दाखवण्यासाठी' म्हणून एका युरोपियन माणसाने मध्य आफ्रिकेतल्या इतुरीच्या जंगलातून काही म्बुती लोकांना पळवून आणलं. युगांडातले ब्रिटिश प्रशासक हॅरी जॉन्स्टन यांनी त्यांची सुटका केली आणि त्यांना परत पोचवलं. या प्रवासात जॉन्स्टन यांनी त्यांना जंगलातल्या एका प्राण्याविषयी विचारलं. युरोपात त्याची नुसती कुजबुज होती. म्बुतींना मात्र तो प्राणी व्यवस्थित माहीत होता. रंग, पट्टे, नाव, सगळं त्यांनी सांगितलं.

पट्टेदार कातड्याचे तुकडे लंडनला पोचले, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांना हा झेब्य्रासारखा घोड्याच्या कुळातला प्राणी वाटला. पुढे कवट्या आणि अख्खं कातडं हाती आल्यावर कळलं की तो जिराफाचा जवळचा नातेवाईक आहे. १९०१ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठरलं आणि 'ओकापीचा शोध लागला' अशी नोंद झाली. शोध कुणाला लागला, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

आज ओकापी हा काँगो लोकशाही प्रजासत्ताक या देशाचा मानबिंदू आहे. त्याच्या नावाने जागतिक वारसा म्हणून घोषित झालेलं अभयारण्य आहे. पण ज्या जंगलात तो राहतो, तिथे माणसंही राहतात आणि ती फार पूर्वीपासून राहतात. त्या माणसांचं काय, हा प्रश्न १९०१ पासून आजपर्यंत वेगवेगळ्या रूपात समोर येत राहिला आहे.

माम्बासा नेमकं आहे कुठे?

काँगोच्या ईशान्य टोकाला इतुरी नावाचा प्रांत आहे. २०१५ मध्ये जुन्या ओरिएंताल प्रांताचे तुकडे झाले, तेव्हा तो वेगळा झाला. बुनिया ही त्याची राजधानी. प्रांताचे पाच प्रशासकीय भाग आहेत. तिथे त्यांना 'टेरिटरी' म्हणतात. पश्चिमेकडचा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त जंगल असलेला भाग म्हणजे माम्बासा. क्षेत्रफळ ३६ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. म्हणजे केरळपेक्षा थोडासाच लहान, पण केरळच्या मानाने लोकवस्ती अगदी विरळ.

विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० ते १,००० मीटर उंचीवर हा प्रदेश पसरला आहे. इतुरी आणि एपुलू या इथल्या मुख्य नद्या. इतुरी पश्चिमेकडे वाहत जाते, नेपोको नदीला मिळते आणि तिथून पुढे तिचं नाव अरुविमी होतं. अरुविमी शेवटी काँगो नदीत मिसळते.

पाऊस किती? वर्षाला साधारण १,७०० ते १,९०० मिलिमीटर. कोकणाच्या मानाने हा आकडा कमीच. पण कोकणात चार महिन्यांत सगळा पाऊस पडून जातो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी पडते. इतुरीत तोच पाऊस वर्षभर थोडाथोडा होत राहतो. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच काय तो उघडीपीचा काळ. त्यामुळे जंगल बाराही महिने हिरवं आणि दमट असतं.

या जंगलाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. विषुववृत्तीय जंगल म्हटलं की शेकडो प्रकारची झाडं एकमेकांत मिसळलेली असं चित्र डोळ्यासमोर येतं. इतुरीत तसे पट्टे आहेतच. पण मोठमोठे पट्टे असेही आहेत, जिथे वर मान करून पाहिलं तर जवळजवळ एकाच जातीची झाडं दिसतात. या झाडाला तिथे 'म्बाऊ' म्हणतात. त्याची सावली इतकी दाट असते की खाली झुडपं फारशी वाढत नाहीत. चालायला सोपं, पण खायला फारसं काही नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

रस्त्याकडेला गावं, आत तळ

माम्बासाच्या नकाशावर गावं एखाद्या दोऱ्यात मणी ओवल्यासारखी रस्त्याच्या कडेने दिसतात. रस्ता सोडला की मैलोन्‌मैल गाव नाही. हे आपोआप झालेलं नाही. बेल्जियन वसाहतीच्या काळात सरकारने जंगलात विखुरलेल्या वस्त्यांना सक्तीने रस्त्यालगत आणून बसवलं. कर गोळा करायचा, रस्त्याच्या कामाला माणसं जुंपायची आणि कापूस किंवा भात पिकवून घ्यायचं, तर माणसं हाताशी हवीत, हा त्यामागचा हिशेब.

रस्त्याकडेच्या या गावांत बिला, लेसे, बुदू, न्दाका, मामवू असे शेती करणारे समाज राहतात. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, उघडीप असताना जाळायचा, त्यात केळी, कसावा, मका, भात, भुईमूग लावायचा आणि काही वर्षांनी तो तुकडा पडीक सोडून दुसरीकडे जायचं, अशी ही फिरती शेती. भाजी करायची केळी आणि कसावा हे रोजचं अन्न. बाजारात आणि परक्यांशी बोलताना स्वाहिली चालते.

दुसरा समाज म्हणजे म्बुती. 'पिग्मी' या नावाने जग त्यांना ओळखतं, पण अनेकांना हा शब्द अपमानकारक वाटतो. म्बुतींमध्येही गट आहेत. बिलांच्या शेजारी राहणारे म्बुती जाळी लावून शिकार करतात आणि बिलांची भाषा बोलतात. लेसेंच्या शेजारचे म्बुती स्वतःला एफे म्हणतात, धनुष्यबाणाने शिकार करतात आणि लेसेंच्या भाषेचंच एक रूप बोलतात. ते वर्षातला काही काळ गावाजवळ काढतात आणि काही काळ जंगलात आतवर तळ ठोकून राहतात.

तळावरची झोपडी बायका बांधतात. लवचिक फांद्यांची कमान करून त्यावर 'मोंगोंगो' नावाची रुंद पानं कौलांसारखी एकावर एक खोचली जातात. काही तासांत घर उभं राहतं. तळ हलला की ते तिथेच सोडून दिलं जातं.

जंगलात पोट भरतं का?

म्बुती 'जंगलाची लेकरं', जंगल त्यांना सगळं पुरवतं, असं चित्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर रुजलं होतं. मानववंशशास्त्रज्ञ कॉलिन टर्नबुल यांचं 'द फॉरेस्ट पीपल' हे पुस्तक १९६१ मध्ये आलं. एपुलूजवळच्या म्बुतींबरोबर राहून लिहिलेल्या या पुस्तकामुळे ही प्रतिमा घराघरांत पोचली.

१९८० च्या दशकात मात्र संशोधकांनी साधा प्रश्न विचारला: शेतातलं काहीही न घेता माणूस या जंगलात वर्षभर जगू शकतो का? टेरीस आणि जॉन हार्ट या दांपत्याने इतुरीत राहून अन्नाची मोजदाद केली. मांस मिळतं, मध मिळतो, काही बिया आणि कंद मिळतात. पण वर्षातले कित्येक महिने पिष्टमय अन्न जवळजवळ मिळत नाही. शिकारीच्या प्राण्यांच्या अंगावरही चरबी फार नसते. म्हणजे पोट भरण्यासाठी शेतातली केळी आणि कसावा लागतोच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग शेती येण्याआधी इथे कुणी राहतच नव्हतं का? हा वाद बराच रंगला. पुढे पुरातत्त्वज्ञांनी इतुरीतल्या खडकांच्या आडोशाला उत्खनन केलं. तिथे शेतीच्या कितीतरी आधीची, हजारो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली. म्हणजे माणूस इथे शेतीशिवायही राहत होता. पण आजचं म्बुती जीवन शेतकरी शेजाऱ्याशिवाय उभं राहत नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

जाळं, बायका आणि वाटणी

जाळ्याची शिकार हे एकट्यादुकट्याचं काम नाही. प्रत्येक कुटुंबाचं आपलं जाळं असतं, एका रानवेलीच्या सालीच्या दोरीने विणलेलं. सगळी जाळी एकमेकांना जोडून अर्धवर्तुळ केलं जातं. पुरुष जाळ्यामागे दबा धरून बसतात. बायका आणि मुलं समोरून हाकारा घालत येतात. घाबरून पळालेलं लहान रानहरीण जाळ्यात अडकतं. ज्याचं जाळं त्याची शिकार, पण मांस वाटलं जातं ते ठरलेल्या नियमांनी. हाकाऱ्याला आलेल्यांनाही वाटा मिळतो. ज्याच्या जाळ्यात आज काही आलं नाही, त्याच्या घरीही संध्याकाळी मांस शिजतं.

वर्षाच्या मध्यावर मधाचा हंगाम येतो. जंगल फुललेलं असतं आणि उंच झाडांच्या ढोलीत पोळी भरलेली असतात. वेलाच्या दोरीने झाडावर चढायचं, धुराने माश्या शांत करायच्या आणि कुऱ्हाडीने ढोली उघडायची. या दिवसांत एफे लोकांचं शिकारीकडे फारसं लक्ष नसतं.

मुलं वाढवण्याची पद्धतही अशीच सामाईक. एफे लोकांमध्ये तान्हं मूल दिवसभरात अनेक बायकांच्या कडेवर फिरतं. आईखेरीज दुसऱ्या बायकाही त्याला दूध पाजतात. संशोधकांनी १९८० च्या दशकात याच्या तपशीलवार नोंदी केल्या. मुलाला फक्त आईचीच सवय लागते, या पाश्चात्त्य मानसशास्त्रातल्या समजुतीला त्याने धक्का बसला.

देवाणघेवाण आहे, बरोबरी नाही

म्बुती मांस, मध, छपरासाठी पानं आणून देतात. शेत साफ करायला, कापणीला हात लावतात. बदल्यात केळी, कसावा, भांडी आणि बाणांच्या टोकासाठी लोखंड मिळतं. हा नुसता बाजार नाही. अनेकदा एका म्बुती कुटुंबाचं एका शेतकरी कुटुंबाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं असतं. काही भागांत दोन्ही समाजांच्या मुलांची सुंता एकाच विधीत होते. त्या विधीला 'न्कुम्बी' म्हणतात. त्यात जोडीला असलेली मुलं जन्मभर एकमेकांची बांधील मानली जातात. लग्न, मयत, भांडण अशा प्रसंगी ही बांधिलकी कामाला येते.

पण या नात्यात वरचा आणि खालचा असा भेद आहे. लेसे पुरुष एफे बाई बायको म्हणून घरी आणतो. उलट मात्र सहसा घडत नाही. शेतकरी अनेकदा 'आमचे म्बुती' असं बोलतात. प्रशासनातही हीच गोष्ट दिसते. माम्बासात परंपरागत सरदारांच्या हाताखालचे विभाग आहेत. बबिला-बाबोम्बी, वालेसे-कारो अशी त्यांची नावं. ही नावं शेतकरी समाजांची आहेत. म्बुतींच्या नावाचा विभाग नाही. त्यामुळे जमिनीचा प्रश्न निघाला की ज्याने झाड तोडून शेत केलं, त्याचा हक्क दिसतो. ज्याने झाड राखलं, त्याच्या हक्काची खूण जमिनीवर दिसत नाही.

रस्ता आला, बाजार आला

किसान्गानीहून पूर्वेकडे बेनी आणि बुनियाकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ४ माम्बासातूनच जातो. निया-निया, एपुलू, माम्बासा ही त्यावरची ठिकाणं. मोबुटू यांच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत हा रस्ता चिखलात गेला. ट्रक आठवडेच्या आठवडे रुतून बसत. तेव्हा माणसं सायकलवर पोत्यांची चळत लादून, ती ढकलत शेकडो किलोमीटर चालायची. २००० नंतर रस्त्याची दुरुस्ती झाली आणि ट्रक पुन्हा धावू लागले.

रस्ता म्हणजे दवाखाना, शाळा, मीठ, साबण, औषध. ते कुणाला नको असतं? पण रस्त्याने सगळंच सोपं होतं, जंगल बाहेर नेणंही. मांसाचे व्यापारी कसावा आणि तांदूळ घेऊन थेट म्बुतींच्या तळापर्यंत जाऊ लागले, ही गोष्ट तर १९७० च्या दशकातच नोंदली गेली होती. जे मांस तळावर वाटलं जायचं, त्याला आता किंमत आली. शिकार पोटापुरती न राहता बाजारापुरती झाली. जाळ्याच्या जोडीला तारेचे फास आले. जाळं लावणारा समोर उभा असतो. फास लावून माणूस निघून जातो आणि ओकापी असो की हरीण, फास कुणालाच ओळखत नाही.

रस्त्याने माणसंही आली. दक्षिणेला लागून असलेल्या उत्तर किवू प्रांतात, बेनी-बुतेम्बोच्या डोंगराळ भागात, जमीन कमी आणि वस्ती दाट. तिथले नान्दे शेतकरी मोकळ्या जमिनीच्या शोधात माम्बासात येत राहिले. कोकोची लागवड वाढली. कोको म्हणजे काही वर्षांत सोडून देण्याचा तुकडा नव्हे. ती बाग कायमची असते आणि तिथे जंगल परत येत नाही. येणारा शेतकरीही चैनीसाठी आलेला नसतो. मागे जमीन नाही आणि अनेकदा मागे युद्ध आहे, म्हणून तो आलेला असतो. त्यातच जमिनीखाली सोनं आहे. नदीकाठी हाताने माती धुणाऱ्यांपासून यंत्रं लावून नदीचं पात्र उपसणाऱ्यांपर्यंत सगळे त्यामागे आहेत.

माणसांसकट अभयारण्य

१९९२ मध्ये 'ओकापी वन्यजीव राखीव क्षेत्र' जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे १३,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे इतुरीच्या जंगलाचा साधारण पाचवा हिस्सा. १९९६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, 'धोक्यातला वारसा' अशी त्याची नोंद झाली. तेव्हा देशात युद्ध सुरू झालं होतं.

या क्षेत्राची एक गोष्ट वेगळी आहे. याच देशाच्या पूर्व भागातल्या काहुझी-बिएगा राष्ट्रीय उद्यानातून १९७० च्या दशकात बात्वा या आदिवासींना बाहेर काढण्यात आलं. ओकापी क्षेत्रात तसं झालं नाही. म्बुती आणि शेतकरी दोघांनाही आत राहू द्यायचं असं ठरलं. मध्यभागी शिकारबंदीचा भाग, बाकी जंगलात पारंपरिक शिकारीला मुभा आणि गावांभोवती आखून दिलेली शेतीची हद्द. संरक्षित प्राणी मारायचे नाहीत, फास लावायचे नाहीत आणि हद्दीबाहेर शेत वाढवायचं नाही.

कल्पना समंजस आहे. तिचा कस लागतो तो हद्दीवर. गावातल्या जुन्या माणसाला ही हद्द कुठून जाते हे माहीत असतं, कारण ती आखताना तो तिथे चाललेला असतो. काल आलेल्याला ती माहीत नसते आणि ज्याच्या हातात बंदूक असते त्याला तिची पर्वा नसते.

बंदुकांचं जंगल

२००२ च्या अखेरीस आणि २००३ च्या सुरुवातीला दोन बंडखोर गटांच्या सैनिकांनी माम्बासा भागात मोहीम काढली. तिचं नाव होतं 'एफासे ल ताब्लो', म्हणजे फळा पुसून टाका. नावाप्रमाणेच ती निघाली. खून, बलात्कार आणि लूट झाली. जंगलाची वाट माहीत असलेले म्बुती त्यात खास लक्ष्य झाले.

२४ जून २०१२ रोजी एपुलू पेटलं. मोर्गन या टोपणनावाच्या म्होरक्याच्या टोळीने अभयारण्याच्या मुख्यालयावर हल्ला केला. हस्तिदंताच्या चोरट्या शिकारीवर आणि सोन्याच्या खाणींवर वनरक्षकांनी आणलेला आळा हे त्यामागचं कारण मानलं जातं. वनरक्षक आणि गावकरी मारले गेले, बायकांना पळवून नेलं गेलं. केंद्रात सांभाळलेले १४ ओकापीही मेले. जगभरच्या बातम्यांत ओकापींचा आकडा ठळक होता. माणसांचा बहुतेक ठिकाणी त्याखाली. २०१३ मध्ये ओकापीची नोंद 'संकटग्रस्त' प्रजातींमध्ये झाली.

२०१८ ते २०२० या काळात पूर्व काँगोत इबोलाची साथ आली. ३,४०० हून अधिक रुग्ण आणि २,२०० हून अधिक मृत्यू झाले. माम्बासाचा काही भागही त्यात सापडला. लस हाताशी होती, पण बाहेरून गाडीतून आलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न लोकांपुढे होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये बियाकातो इथे इबोलाशी लढणाऱ्या पथकावरच जीवघेणा हल्ला झाला. पुढे मे २०२१ मध्ये इतुरी प्रांत लष्करी प्रशासनाखाली गेला. तरीही एडीएफ या सशस्त्र गटाचे हल्ले माम्बासाच्या दक्षिण भागापर्यंत पोचले.

बंदुका आल्या की पहिला फटका जाण्यायेण्याला बसतो. शेतकरी शेतात जायला घाबरतो. म्बुती तळावर जायला घाबरतात आणि गावाजवळच अडकून पडतात. गावाजवळ शिकार नसते. म्हणजे देवाणघेवाणीत द्यायला मांस नाही, मध नाही, उरतात फक्त मजुरीचे हात. शतकानुशतकं चाललेल्या नात्यात जो आधीच खालच्या पायरीवर होता, तो आणखी खाली जातो.

कायदा आला, हद्द कोण आखणार?

अलीकडच्या काळात दोन गोष्टी घडल्या आहेत. २०१४ च्या एका सरकारी आदेशानुसार काँगोतला स्थानिक समुदाय आपल्या पारंपरिक जंगलावर सामूहिक हक्क मागू शकतो. एका समुदायाला ५० हजार हेक्टरपर्यंत. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये 'आदिवासी पिग्मी लोकांच्या' हक्कांचं संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा झाला. कायद्याच्या नावात तोच जुना शब्द आहे. पण आशय नवा आहे: त्यांची ओळख, त्यांच्या जमिनी, शिक्षण आणि आरोग्य यांना पहिल्यांदाच कायद्याची भाषा मिळाली.

सामूहिक हक्कासाठी अर्ज करायचा तर नकाशा लागतो. हद्द कुठून कुठे, ओढा कोणता, जुना तळ कुठला, हे शेजाऱ्यांच्या संमतीने ठरवावं लागतं. इथेच खरी मेख आहे. नकाशा काढायला बसलेल्या सभेत बिला किंवा लेसे सरदार बोलतो, आलेला अधिकारी फ्रेंचमध्ये लिहून घेतो आणि म्बुती मागे बसतात. त्यांच्या दृष्टीने जंगल म्हणजे एक चौकोन नसतो. शिकारीच्या वाटा, मधाची झाडं, आजीने बांधलेल्या तळाची जागा असं ते असतं. कागदावर हे कसं उतरवायचं, याचं उत्तर कायद्यात नाही. ते सभेत कोण बोलतं आणि कुणाचं ऐकलं जातं, यावर ठरतं.

सव्वाशे वर्षांपूर्वी म्बुतींनी एका प्राण्याचं वर्णन केलं आणि त्याचं नाव दुसऱ्याच कुणाच्या नावाने नोंदलं गेलं. ओकापीच्या शास्त्रीय नावात आजही जॉन्स्टन आहेत. ते आता बदलणार नाही. माम्बासाच्या जंगलांचे नकाशे मात्र अजून पूर्ण झालेले नाहीत. त्यावर कुणाची नावं येतात, हे अजून ठरायचं आहे.